दुपारी बारानंतरचं वाय-फाय

गेल्या सोमवारी, भर दुपारी बारा वाजता, चौबे कॉलनीतल्या आमच्या राहत्या घरी माझ्यावर घोर अन्याय झाला... लॅपटॉपने आमच्याच वाय-फायला ओळख द्यायचं नाकारलं. सकाळी अकरापर्यंत दोघांचं उत्तम चाललं होतं!

मी आठवडाभर रजेवर होतो, आणि लॅपटॉप बायकोचा. या हिंदी मुलखातल्या मराठी घरांतल्या सात मुलांना ती रोज बाराला ऑनलाइन मराठी शिकवते. सोमवारी वर्ग बुडाला, मंगळवारीही... संध्याकाळी दोन आयांनी कळवलं, असंच चालणार असेल तर मुलांना काढून घेतो. सातातून दोन गेले की वर्ग कसला उरतो?

मी राउटर बंद-चालू केला. लॅपटॉपला पासवर्ड विसरायला लावला, पुन्हा आठवायला लावला. ड्रायव्हर नावाचं काहीतरी अपडेट केलं... तो कुणाची गाडी चालवतो, देव जाणे.

मग उपाय संपलेला माणूस करतो तेच केलं. गुन्हेगार शोधला. वरच्या मजल्यावरच्या साहू दीदींना मागे कधीतरी आमचा पासवर्ड दिला होता. तो बदलला, आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं, "कुछ लोगों के घर दूसरों के नेट पर चलते हैं." नाव घेतलं नाही, त्यामुळे सगळ्यांना बरोबर कळलं.

शेजारचे मेश्राम काका मूळ गोंदियाचे, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेले. मंगळवारी रात्री त्यांना बोलावलं, तर त्यांनी लॅपटॉपला हातही लावला नाही. "मशीन खोलाच्या आधी रजिस्टर पाहा लागते बाप्पा. केव्हा चालते, केव्हा नाही, लिहून ठेवा." कॅलेंडरच्या पाठीवर रकाने आखून देऊन गेले.

शुक्रवारी बाराच्या तोंडावर काकांनी तपासणी केली. एका ओळीवर बोट थांबलं. "सोमवार, मंगळवार बाराले बंद. मंग बुधवारी, गुरुवारी बाराले चालला. काहून?"

अक्षर बायकोचं होतं.

"ते दोन दिवस मी वर बसले होते. साहू दीदींकडे. त्यांच्या वाय-फायवर वर्ग घेतला. हे झोपले होते."

मी कॅलेंडरकडे बघत राहिलो. फार सुंदर कॅलेंडर आहे.

"म्हणजे लॅपटॉप ठणठणीत आहे," काका म्हणाले. "सोमवारपासून घरात नवीन काय आलं?"

"हे," बायको माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

काकांना खरंच हसू आलं नाही. "बरं. हे बाराले काय करते?"

हे बाराला जेवून हॉलमध्ये आडवे होतात. आणि वारा नीट लागावा म्हणून लोखंडी कूलर, काठोकाठ पाणी भरून, आतल्या खोलीच्या दारात ढकलतात. राउटर दाराच्या अलीकडे, लॅपटॉप पलीकडे... मध्ये एवढा पत्रा आणि एवढं पाणी, सिग्नल जाणार कुठून! आजही कूलर आधीच दारात होता; काकांनी तो बाजूला सारायला लावला. लॅपटॉप लगेच जोडला गेला. वर्ग वेळेवर सुरू झाला, सातही चेहरे हजर.

मी वर गेलो. साहू दीदींनी दार उघडलं. "दीदी, वो मैसेज..."

"हव भैया, पढ़े थे," त्या म्हणाल्या. "पर बच्चों का क्लास थोड़े न रोकते."

त्यांनी चहा दिला. इतक्या मुकाट्याने मी आयुष्यात चहा प्यालेलो नाही. खाली येऊन ग्रुपवर माफी लिहिली... या वेळी त्यांचं नाव घेऊन.