रस्त्याकडची खोली घेऊ नका

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. या सदरात प्रत्येक जण सुरुवात अशीच करतो, ठाऊक आहे... पण माझं छापील आहे. मी आणि मिलिंदने मँचेस्टरच्या मराठी घरांतून वाटलेली पत्रकं अजून कुणाच्या ड्रॉवरमध्ये असतील. नवस, दृष्ट, मुहूर्त — सगळ्याला झोडपलं होतं. "विमान पायलटमुळे उतरतं, हातावरच्या दह्यामुळे नाही" हे वाक्य माझंच.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. चिलीत लष्करशाही होती. माणसं घरातून उचलली जात आणि परत येत नसत. त्यांच्या नातेवाइकांना भेटायला चिलीतल्या लोकांसाठी काम करणाऱ्या आमच्या मँचेस्टरच्या कमिटीतून दोघं सान्तियागोला जाणार होते — मी आणि मिलिंद. मिलिंद लंडनच्या ईलिंग भागातला, डॉक्टरांचा मुलगा, युनिव्हर्सिटीत माझ्याच वर्गात. एका सँडविचवर आम्ही दोघांनी मोर्च्याचे अख्खे दिवस काढलेत. माझा त्याच्यावर किती विश्वास होता, ते आता लिहायलाही लाज वाटते.

शनिवारी दुपारी मार्केटबाहेर आमचा स्टॉल असायचा. प्रवाशांसाठी "सान्तियागोला जाताना" असं एक पान मी तिथे बसून तयार करत होते. तपकिरी कोटातली चाळिशीची बाई समोर येऊन थांबली. पान उलट्या बाजूने वाचलं आणि म्हणाली, हे सगळं पुस्तकी आहे. मग स्वतःच सांगायला लागली. वाट चुकलात तर डोंगर बघा, डोंगर कायम पूर्वेला. नकाशा रस्त्यात उघडू नका, कॅफेत बसून उघडा. शिपायांचे फोटो काढू नका. टॅक्सीत राजकारण बोलू नका — ड्रायव्हरनेच विषय काढला तर मुळीच नाही. गेस्ट हाऊसवाले रस्त्याकडची खोली देतील, ती घेऊ नका, मागची मागा.

मी भराभर उतरवून घेत होते. मिलिंदने तिला आमच्या फ्लास्कमधला चहा ओतून दिला. ती तो प्यायली, पण बोलताना सारखी आमच्या खांद्यांवरून मागे बघत होती. निघताना मिलिंदला म्हणाली, "घरातून निघताना आई हातावर ठेवेल ते खा. पुसून टाकू नकोस."

आईने दिलेलं दही मिलिंद पँटला पुसतो, हे तोपर्यंत फक्त मला आणि त्याच्या आईला माहीत होतं.

स्टॉल आवरताना मागचं प्लॅकार्ड उतरवलं. बेपत्ता झालेल्या बाईचा मोठा फोटो... तीच. मिलिंद पांढराफटक पडला. "हीच होती," म्हणाला. मराठीत म्हणाला. एरवी तो आईशी सोडून कुणाशी मराठी बोलत नसे.

फोटो होता मारिओच्या बहिणीचा. मारिओ तिकडून जीव वाचवून आलेला, आमच्या कमिटीतलाच. पुढच्या मीटिंगला मी सगळं सांगून टाकलं. माहिती कुणाकडून आली ते लपवायचं नाही, ही आमची शिस्त. खोलीचं ऐकून मारिओ उभाच राहिला. म्हणाला, "तिला रस्त्याकडच्या खोलीतूनच नेलं. हे मी इथे कुणालाही सांगितलेलं नाही." मग मिलिंदकडे वळला. "तूही पाहिलंस तिला?"

मिलिंद टेबलावरची पत्रकं सरळ करायला लागला.

"स्टॉलवर कुणी आलं नव्हतं," तो म्हणाला. "हिला विश्रांतीची गरज आहे."

माझ्या बहिणीचा तमाशा करू नकोस, एवढंच मारिओ मला म्हणाला आणि फोटो काखेत मारून निघून गेला. भास होणारी मुलगी तिकडे धोक्याची, म्हणून कमिटीने माझं नाव कापलं. मिलिंद दुसऱ्या कुणाला तरी घेऊन गेला. आणि मी? मी स्वतःवरच शंका घ्यायला लागले. तो तर खोटं बोलणार नाही ना...

मग एक दिवस ईलिंगहून त्याच्या आईचा फोन आला.

"तू का गं नाही गेलीस? बरी आहेस ना?" काकूंनी विचारलं. माझ्या उत्तराची वाट न बघता कौतुकाने सांगायला लागल्या, "या वेळी कमालच केली बघ त्याने. दारात स्वतःहून हात पुढे केला. म्हणाला, आई, दही दे. बोटंसुद्धा चाटली! आणि पोचल्यावर फोन केला, मागची खोली मागून घेतलीय, काळजी करू नको म्हणून."

मी म्हटलं, रजा मिळाली नाही, काकू.

त्यांना खरं सांगितलं नाही. इथे सांगते आहे. रस्त्याकडच्या खोलीत त्याचं काय झालं असतं, कुणास ठाऊक. ती बाई कोण होती, तेही मला आजतागायत कळलेलं नाही. मनाचे खेळ वगैरे लिहून पाठवू नका — तो चहा मिलिंदने स्वतःच्या हाताने ओतला होता. मारिओची बहीण अजून सापडलेली नाही. मारिओ कधी ट्राममध्ये दिसला की मान फिरवून पुढच्या स्टॉपला उतरतो. ती आली होती, बोलली होती, हे त्याला पटायला दुसरा एक साक्षीदार लागतो. तो ईलिंगला राहतो आणि हा अंक त्याच्याही घरी येतो.