लिंबू, ग्रीन टी आणि मोहरी

२००२ साली डब्लिनमधल्या ऑफिसात माझं पहिलं वर्ष संपत आलं होतं. डब्लिन म्हणजे आमचं ओहायोतलं. ख्रिसमसच्या सुट्टीआधी शेजारच्या क्यूबिकलमधल्या बाईंनी माझ्या टेबलावर रिबन बांधलेली एक बाटली आणून ठेवली.

"सेलमध्ये दिसलं, तुझी आठवण झाली," त्या म्हणाल्या.

लिंबाच्या सालीचा आणि ग्रीन टीचा परफ्यूम होता. मला तो आपल्या गवती चहाच्या जवळचा वाटला. मी खूश झाले, आणि घरी जाताना डोक्यात किडा वळवळला. आमच्या रांगेत बाकी कुणालाच त्यांनी काही दिलं नव्हतं. तशी रांग रिकामीच होती म्हणा. पलीकडचे दोघं उन्हाळ्यात खिडकीजवळच्या जागा मागून घेऊन गेले होते. उजेडासाठी, असं मी धरून चालले होते.

घरी आल्यावर कोट नाकाला लावला. आमच्या अपार्टमेंटमध्ये कोटांचं कपाट स्वयंपाकघराला लागूनच होतं, आणि शेगडीवरचा पंखा धूर बाहेर न टाकता पुन्हा घरातच सोडायचा. हिंग, मोहरी, लसूण, सगळ्यांनी कोटावर हजेरी लावलेली होती.

त्या दिवसापासून कोट गाडीत राहू लागला. सकाळी पार्किंगपर्यंत कुडकुडत जायचं आणि तिथे तो गारठलेला कोट अंगात चढवायचा. फोडणी फक्त शनिवारी.

"वरणाला फोडणी नाही? बरं नाहीये का तुला?" नवऱ्याने विचारलं. मी कारण सांगितलं. "यार, तू फारच सीरियसली घेतेस," म्हणाला आणि लोणचं मागितलं. त्याचं काय जातंय!

परफ्यूम रोज लावायचे. इतका हलका, की दुपारपर्यंत उडून जायचा. मग रेस्टरूममध्ये जाऊन पुन्हा दोन फवारे. बाटली संपली तशी दुसरी आणली. वास छान होता, त्याला नावं ठेवणार नाही. पण लावताना दर वेळी अपमान झाल्यासारखं वाटायचं. बाईंशी मात्र मी हसून बोलायचे. त्याही नेहमीसारख्याच आपला डबा घेऊन शेजारी येऊन बसायच्या.

पाचेक वर्षांनी त्या रिटायर झाल्या. केक कापून झाल्यावर त्यांची खोकी उचलायला मी गाडीपर्यंत गेले आणि धीर करून विचारलं, "तो परफ्यूम तुम्ही मला वास येतो म्हणून दिला होता का?" छे छे, असं उत्तर त्यांच्या वतीने मी मनात तयारच ठेवलं होतं.

"हो," त्या म्हणाल्या. "लोक आपापसात बोलायचे. मला तोंडावर सांगणं जमलं नाही. उग्र वासाने तुझं डोकं दुखतं, म्हणून हलका शोधत फिरले. सेलमध्ये नव्हता तो."

मला राग आला. एवढी वर्षं साधं बोलता आलं नाही? खोकं डिकीत जरा जोरातच ठेवलं. त्यांनी मला मिठी मारली आणि त्या गेल्या.

परत येऊन जागेवर बसले. शेजारचं टेबल आता मोकळं होतं. खिडकीजवळची जागा तेव्हा त्यांनाही मागता आली असती. बाटली यायच्या आधीचं ते अख्खं वर्ष त्या माझ्या शेजारीच बसल्या होत्या.