न गेलेले स्वेटर

"लढाई संपली, मग थंडीबी संपली व्हय?"

बाई हे विचारायच्या तेव्हा आवाज चढवत नसत. खुर्चीच्या पाठीवर एक हात ठेवून उभ्या राहत आणि उत्तर येईपर्यंत हलत नसत. बसा म्हटलं तरी बसायच्या नाहीत. असं उभं राहून वाट बघणारं माणूस तुम्हीही एखाद्या कचेरीत पाहिलं असेल. समोरच्याला फार अवघड होतं.

वडूजच्या बाजूला एका बाजारगावात त्या शिवण-विणकामाचा वर्ग चालवायच्या. एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई सुरू झाली तेव्हा गावात जवानांसाठी मदत समिती निघाली आणि मी तिचा कारकून झालो. आमच्याकडे घरटी एक तरी माणूस फौजेत. बाईंचं मात्र तिकडे कोणी नव्हतं. तरी वाड्यावस्त्या पायी हिंडून त्यांनी जवानांचे पत्ते आणले, मुलींकडून स्वेटर विणून घेतले. प्रत्येक स्वेटरबरोबर तिळाचे लाडू, शेंगदाण्याची चटणी, सगळं पांढऱ्या कापडात शिवलेलं, आणि वर टाचलेलं मुलीच्या हातचं पत्र. पुडकी समितीच्या गोदामात पोचली तोवर लढाई थांबलीसुद्धा.

आमच्या अध्यक्षांना सगळे आबा म्हणत. आबांचं म्हणणं, पुडकी पाठवायचीच, पण मंत्रीसाहेबांच्या हस्ते. त्यांनी ट्रकला घालायच्या हाराचं मापसुद्धा घेऊन ठेवलं होतं. मंत्रीसाहेबांची तारीख तेवढी मिळत नव्हती.

बाई दर बाजारच्या दिवशी येत. "आबा, पोरं अजून बर्फातच हायेत. पोस्टानं तरी धाडा."

"बाई, तुमास्नी कळत न्हाई. कार्यक्रम झाल्याबिगर ट्रक हलायचा न्हाई."

मग बाई माझ्याकडे बघायच्या आणि मी कागद चाळायला लागायचो.

लाडवांना मुंग्या लागल्या त्या दिवशी आबा साताऱ्याला गेले होते. बाई मला म्हणाल्या, "भाऊ, किल्ली तुमच्याकडं हाय न्हवं?"

मी गोदाम उघडलं. पण पुडकी बाहेर नेऊ दिली नाहीत. माझी नोकरी जाईल म्हणालो. पत्रं तेवढी नेऊ दिली. पत्रं नसलेली कुणाला कळणार नव्हती. बाईंनी एकेक टाचणी काढली, पत्रांचा गठ्ठा पदराखाली धरला आणि तशाच पोस्टात गेल्या. आपण निम्मं तरी काम केलं, असं मला त्या दिवशी वाटलं.

महिन्याभरानं त्या परत आल्या. हातात एका जवानाचं उत्तर होतं. "वाचा," म्हणाल्या.

"ताई, तुझे पत्र मिळाले. सोबत स्वेटर पाठवला आहे असे लिहितेस. तो अजून आला नाही. पण काळजी करू नकोस, वाटेत असेल. आम्ही रोज टपालाच्या गाडीची वाट बघतो."

हे मला सुचलंच नव्हतं. प्रत्येक पत्रात स्वेटर होता.

"पोरी मला इचारत्यात, बाई, स्वेटर गेलं कुठं? काय सांगू त्यास्नी?"

"आबांना विचारतो," मी म्हणालो.

"नगा इचारू. त्यांचं उत्तर मला ठावं हाय. तुमचंबी ठावं हाय."

घरी जाऊन त्यांनी स्वतःची लोकरीची शाल उसवली आणि त्या एका जवानाला स्वेटर विणून पोस्टानं धाडला. बाकीच्यांसाठी उसवायला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं.

मंत्रीसाहेब आले ते चैत्रात. ताशा वाजला, ट्रकला हार चढला, फोटो निघाले. बाईंना सत्काराला बोलावलं होतं, त्या आल्या नाहीत. ट्रक गावाला एक फेरी मारून पुन्हा गोदामाशी येऊन थांबला. आता उन्हाळ्यात लोकर कशाला पाठवायची, असं आबांचं मत पडलं.

पुढच्या थंडीत एका सकाळी बाई गोदामावरून चालल्या होत्या. राखणदार निळा स्वेटर घालून दारात शेकत बसला होता. बाई थांबल्या, वाकून स्वेटरची कड दोन बोटांत धरली आणि वीण निरखली. तो घाबरून स्वेटर काढायलाच लागला.

"ऱ्हाऊ दे बाबा," त्या म्हणाल्या. "ऊब हाय न्हवं? मग झालं."

मी शेजारीच उभा होतो. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

त्यानंतर समितीची पायरी त्या चढल्या नाहीत. वर्ग मोडून मिरजेला भावाकडे राहायला गेल्या, असं कानावर आलं. मला काही निरोप नव्हता आणि तो असायचं कारणही नव्हतं.

एक गोष्ट त्यांना कधी कळली नाही. आबांनी ते स्वेटर समितीच्याच माणसांत वाटून टाकले तेव्हा एक माझ्याही वाट्याला आला होता आणि मी तो घेतला होता. कुणा शिकाऊ मुलीचं काम असावं. एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब आहे. मी तो अंगात घातला नाही, कुणाला दिलाही नाही. दर उन्हाळ्यात त्याला ऊन दाखवतो, झटकतो आणि परत पेटीत ठेवून देतो.