ताडपत्रीवरचं ब्रह्मांड

जगात कोणतीही वस्तू हातून सुटली की सरळ खाली पडते. आमच्या साडभाऊंच्या घरात मात्र ती आधी अवकाशाच्या वक्रतेवर व्याख्यान ऐकते आणि मगच पडते. साडभाऊ म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीचे, ताईंचे यजमान. मालेगावात त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. तुरीचं बियाणं घ्यायला आलेला माणूस सापेक्षतेचा सिद्धांत ऐकतो आणि बियाणं विसरून घरी जातो. उन्हाळ्यात बायका पापड लाटायला बसल्या की हे मध्ये जाऊन बसणार. "पापड मोठा होते तसे जिरे एकमेकापासून लांब जातेत ना? आकाशगंगा बी तशाच लांब जाऊन राह्यल्या. अन् मधातलं जिरं कोणतं, हे कोणत्याच जिऱ्याले सांगता येत नाही." हे सिद्ध करायला त्यांनी स्वतः लाटलेले पापड गाईनंही हुंगून सोडले. उंचावर वेळ किंचित जोरात धावते असं वाचलं, तेव्हा एक घड्याळ माडीवर टांगलं, एक खाली. महिन्याभरात वरचं पुढे गेलेलं दिसताच गल्लीत पेढे वाटले. ताई शांतपणे म्हणाल्या, "खालच्याचा सेल उतरला हाये."

गेल्या नवरात्रात शेलूबाजारच्या एका मंडळानं त्यांचं भाषण ठेवलं. आधीच्या भाषणाला शेवटपर्यंत ताई आणि भोंगेवाला एवढेच उरले होते. त्यामुळे ताईंनी अट घातली, "या बारीनं लोक उठून गेले, तं ब्रह्मांडाचं नाव घरात काढाचं नाही." साडभाऊ "कबूल" म्हणाले खरे, पण चेहरा पार उतरला. मलाही वाईट वाटलं. ब्रह्मांड काढून घेतलं तर या माणसात उरणार काय?

भाषणाच्या दिवशी दुपारी त्यांनी मंडपात चार शेतकऱ्यांना ताडपत्री ताणून धरायला लावली, मधोमध सूर्य म्हणून भोपळा ठेवला आणि कडेनं सोयाबीनचे दाणे सोडले. दाणे घरंगळत भोपळ्याकडे गेले. "यायले कोनी ओढलं नाही. जागाच वाकली." मागची माणसं चपला शोधू लागली. तेवढ्यात आभाळ गडगडलं. सोयाबीन वाळत घातलेल्या दिवसांत ढग वाजला की आमच्याकडच्या माणसाचे हात डोक्याला विचारत बसत नाहीत. चौघांनी चारही टोकं झपकन एकत्र आणून गाठ मारली. सूर्य, ग्रह, सगळं गाठोड्यात. मंडप हसून लोटपोट झाला. मी डोळे मिटून घेतले.

साडभाऊ पुढे आले. मग गाठोड्यावर हात ठेवून म्हणाले, "बस. हेच कृष्णविवर. जागा इतकी वाकते, का सोताभवतीच मिटून जाते. उजेड बी बाहेर येत नाही."

हसू थांबलं. चपला घातलेले उभ्याउभ्याच ऐकू लागले. एका म्हातारीनं विचारलं, "मंग आतलं सोयाबीन जाते कुठी, बापा?"

"मोठ्यामोठ्यायले मालूम नाही, मावशी."

मग प्रश्नांची झुंबड उडाली. पाऊस आला आणि गेलाही, पण एकही माणूस जागचा हलला नाही. मी तळहात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवल्या. मैदान मारलं होतं आमच्या साडभाऊंनी.

परतताना आम्ही तिघं जीपमध्ये होतो. मालेगाव जवळ आलं तेव्हा साडभाऊ हळूच म्हणाले, "आजलोक मीच सांगत होतो. आज पह्यल्यांदा कोनीतरी मले इचारलं."

ताई त्यांच्याकडे वळून बसल्या. मग त्यांनी विचारलं, "पण अंदाजानं, कुठी गेलं असंल ते सोयाबीन?"

साडभाऊ जवळ सरकून सांगू लागले, आणि घर आलं तरी दोघंही जीपमधून उतरले नाहीत.