पाळण्याच्या कडीचा आवाज

विठ्ठलवाडी डेपोच्या मागे सुदामचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे काय, तर चार पत्रे, एक खड्डा आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने. पण नाव असं, की उल्हासनगरातले शेठलोक चकाचक गॅरेजं ओलांडून आपल्या जुन्या फियाटी त्याच्याकडे आणायचे. बॉनेट उघडायच्या आधीच सुदाम दुखणं सांगायचा. गाडी वळणावर दिसली की हा चहाचा ग्लास फुंकत म्हणायचा, "टॅपेट ढिले झालेत," आणि ते झालेलेच असायचे.

ही विद्या त्याला उस्तादाने दिली होती, आणि विद्येबरोबर एक नियमही. ट्रायलला शेजारी कुणाला बसवायचं नाही, आवाज कसा येतो हे गिऱ्हाइकाला विचारायचं नाही. "मेकॅनिक अकेला सुनता है," असं उस्ताद म्हणायचा. सुदामने तो नियम इमानाने पाळला.

उस्ताद सोडल्यापासून हे गॅरेज टाकेपर्यंतची बारा वर्षं मात्र तो अंबरनाथच्या एका कारखान्यात प्रेस मशीनच्या दणदणाटात होता. चौऱ्याऐंशी साली कारखाना बंद पडला, आणि जाताना सुदामच्या कानातलं बारीक तेवढं घेऊन गेला. जाड आवाज त्याला अजून छान ऐकू यायचे. इंजिनाचा ठोका तर तो झोपेतही ओळखेल. पण आधी चिमण्या गेल्या, मग घड्याळाची टिकटिक गेली, मग कुकरची शिट्टीसुद्धा. त्याने कुणालाही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! जो कानावर पोट भरतो, त्याने आपण बहिरे होत चाललोय अशी दवंडी पिटायची कशी? पण मागच्याच महिन्यात एका डॉक्टरच्या गाडीत काहीतरी चिरकत होतं म्हणे. सुदामने अंदाजाने फॅन बेल्ट बदलला. चिरकणं तसंच राहिलं आणि डॉक्टर पुन्हा फिरकला नाही. असे आणखी चार-दोन झाले असते, की गॅरेजला कुलूपच लागलं असतं.

आणि एक्क्याण्णव सालच्या एका शुक्रवारी कापडवाले लालचंद शेठ आपली बहात्तरची पांढरी फियाट घेऊन दारात उभे राहिले.

"सुदामभाऊ, तीन जगह दिखाया. एकाने क्लच बदलला, दुसऱ्याने ब्रेक खोलले, तिसऱ्याने हात जोडले. चीं-चीं चालूच. रविवारी मुलीला आणायला नाशिकला जायचंय. सव्वा महिन्याचं बाळ आहे, आणि रस्त्यात कसारा घाट. आता तूच सांग."

"ठेवून जावा शेठ," सुदाम म्हणाला.

शेठ गेल्यावर त्याने डेपोभोवती दोन चकरा मारल्या. काचा खाली, कान बाहेर. त्याच्या लेखी गाडी लोण्यासारखी चालली होती. परत येऊन त्याने लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. इंजिन ठणठणीत. आवाज म्हणे गाडी पळाली तरच येतो. पळत्या गाडीच्या पोटाला कान लावणार कोण? त्याला खरोखर रडू येईल असं वाटलं.

तेवढ्यात त्याची बायको अंजना डबा घेऊन आली. तो पुन्हा ट्रायलला निघतोय असं बघून तिने पुढचं दार उघडलं आणि बसलीसुद्धा. "मला जांभूळला सोडा आईकडं. तुमचीबी चक्कर होईल." सुदाम नको म्हणेपर्यंत तिने पदर सावरून दार ओढलं होतं. बायकोपुढे उस्तादाचा नियम कुठवर टिकणार!

अंबरनाथ सुटून बदलापूरचा रस्ता लागला, तशी अंजनाने तोंड वाकडं केलं. "किती केकाटते ही."

"केकाटते? म्हणजे कशी?" सुदामने समोर बघत, अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

अंजना त्याच्याकडे बघत राहिली. तिला दोन वर्षांपासून ठाऊक होतं. पाच शिट्ट्या होऊन डाळीचा लगदा झाला तरी जो माणूस कुकरशेजारी पेपर वाचत बसतो, तो काय साधू झालाय? पण त्याने मूठ झाकली होती, म्हणून तिनेही ती उघडली नव्हती.

"तुमाला नाय ना ऐकू येत?" ती हळूच म्हणाली. मग तेच पुन्हा, जरा मोठ्याने.

सुदामने गाडी कडेला घेतली. त्याला लाज वाटली आणि बरंही वाटलं. "कुनाला बोलू नको," एवढंच तो म्हणाला.

"बोलायचं असतं तर कवाच बोलले असते. चालवा आता. मी ऐकते."

तिने डोळे मिटले. "पाळण्याच्या कडीवानी वाजतंय बघा. तेल आटलं की बाळ झोपलं तरी कडी कुरकुरत ऱ्हाते, तसं. थांबून थांबून. तुमी हळू गेलात की हळू, जोरात गेलात की भराभर."

"कुठनं येतोय?"

"पायाखालून. जरा मागनं."

सुदामने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. "आता?"

"कमी झाला."

पाय दाबला. "आता?"

"आला परत."

सुदामला सगळं लख्ख दिसलं. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणारा लांब दांडा गाडीच्या पोटाखाली असतो, शाफ्ट म्हणतात त्याला. त्याच्या सांध्यात, कडीत कडी अडकावी तसा लोखंडी क्रॉस झुलतो. तो कोरडा पडला असणार! त्याने तिथल्या तिथे गाडी वळवली.

"अहो, आईकडं जायचं होतं!"

"आई कुठं पळून जात नाय," सुदाम म्हणाला.

खड्ड्यावर गाडी घेऊन त्याने शाफ्ट उतरवला. क्रॉसच्या एका टोकाला ग्रीसचा मागमूस नव्हता. आतल्या बेअरिंगच्या सुयांचं लाल पीठ झालं होतं. घाटात चढावर हा तुटला असता तर! नवा क्रॉस बसेपर्यंत अंजना तिथेच बसून राहिली.

शनिवारी शेठ आले. झिजलेला क्रॉस हातात घेऊन बघतच राहिले. "तीन मेकॅनिक हारले. तुला कसं कळलं?"

"कान आहेत शेठ," एवढं म्हटलं की भागत होतं. गेली कित्येक वर्षं भागलंच होतं. पण अंजना पलीकडे बाकावर बसली होती, आणि तिच्या कानांची कमाई आपल्या नावावर खपवणं सुदामच्या जिवावर आलं.

"आवाज मी ऐकलाच नाय शेठ. बारीक आवाज मला येत नायत. हिनं ऐकला, मी शोधला."

शेठनी क्रॉस बाकावर ठेवला. शेजारचा पानवाला काताचा हात थांबवून बघायला लागला. सुदामने मनातल्या मनात गॅरेजला कुलूप घालून टाकलं.

"मेरे साढू की अँबेसिडर भी कुछ बोलती है," शेठ शेवटी म्हणाले. "सोमवार को भेजता हूँ. भाभी रहेंगी ना?"

"बघ सुदाम," पानवाला ओरडला, "कानामागून आली अन् तिखट झाली!"

"तुमच्या पानात चुना किती तेवढं बघा," अंजना म्हणाली आणि न बोलावता ट्रायलसाठी फियाटच्या पुढच्या सीटवर जाऊन बसली. शेठ मागे बसले. शेजारी एक, मागे एक. उस्तादाने बघितलं असतं तर पाना फेकून मारला असता.

गाडी मोकळ्या रस्त्याला लागली. सुदामने अंजनाकडे पाहिलं. "येतोय का?"

तिने डोळे मिटून बराच वेळ कान दिला. "काय पन नाय."

सुदामलाही कसला आवाज येत नव्हता. कितीतरी वर्षांनी दोघांना अगदी सारखंच ऐकू येत होतं.