लोखंडासकट तोललेली बाळं

"सुलूमावशी, आत्या गेली," असं कुमुदच्या भाच्यानं फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून काय निघावं? "अरे, कुठे गेली?" तो बिचारा रडायलाच लागला. मग माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी होते तिथेच खाली बसले. पण माझं तरी काय चुकलं? कुमुद जन्मभर कुठे ना कुठे गेलेलीच असायची... मोलगीला गेली, धडगावला गेली, कुणाच्या तरी बाळंतपणाला गेली. ती पुण्यात, मी इथे लोणखेड्याला, गुडघे दोघींचेही गेलेले. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आता काही आठवडे झालेत. रडून झालं, तिच्यावर चिडूनही झालं. म्हटलं, आता लिहायला बसावं.

आमची गाठ पडली खापरला. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि आमचा हा सगळा मुलूख तेव्हा धुळ्यात मोडायचा. मी गुजरांच्या घरची, केळी-कापसात वाढलेली. शाळेत मास्तरीण म्हणून खापरला गेले, तर आईनं महिनाभर अबोला धरला. कुमुद पुण्याहून तिथल्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून आली, तर तिच्या वडिलांनी, अण्णांनी, वर्षभर धरला. दोघी घरच्यांवर रुसलेल्या, म्हणून एकाच घरात दोन खोल्या घेऊन राहिलो. तिला स्वयंपाक येत नव्हता आणि येत नाही हे मान्यही नव्हतं. तिची पहिली भाकरी बघून दवाखान्यातली आयाबाई बायजाबाई म्हणाली, "डॉक्टरबाई, हाई भाकर शे का आफ्रिकाना नकाशा?" कुमुद हसली आणि तोच नकाशा तिनं दुधात कुस्करून खाल्ला. तेव्हाच मला ती आवडली.

खापरचा बाजार म्हणजे पहाडातल्या बायांचा बाजार. कुणी चारोळी आणायची, कुणी डिंक, कुणी कोंबडी, आणि पाठीला किंवा काखेत बाळ हे असायचंच. कुमुदच्या मनात आलं, या बाळांची वजनं घ्यायची आणि त्यावर अभ्यासाचा लेख लिहायचा. मुंबईहून आई आणि मुलांच्या आरोग्यावरचं एक इंग्रजी मासिक निघायचं, तिथे तो पाठवायचा. तिनं अण्णांना तसं कळवलंही. अण्णा म्हणजे हाडाचे गणिताचे मास्तर. मुलगी जंगलात गेली म्हणून रागावले होते, पण तिथे बसून ती आकडेमोड करतेय म्हटल्यावर थोडे विरघळले. त्यांना दम्यानं पार पोखरलं होतं. "तुझं नाव छापलेलं बघितलं की मी सुटलो," असं त्यांनी कळवलं, आणि तेव्हापासून कुमुदला दुसरं काही सुचेना.

पण वजन घ्यायचं कसं? तान्ह्या बाळाला पारड्यात घालायला एकही बाई तयार होईना. धान्य तोलतात, कापूस तोलतात; लेकरू कुणी तोलतं का? दृष्ट लागते. मग कुमुदनं युक्ती काढली. कापसाच्या व्यापाऱ्याकडून गठड्या तोलायचा, वर उभं राहायचा काटा मागून आणला. बारीक मापंही त्याच्याकडून घेतली. बाळाला घेऊन आईनं उभं राहायचं, मग बाळ सासूकडे नाहीतर बहिणीकडे देऊन एकटीनं उभं राहायचं. पहिल्यातून दुसरं वजा. बाळाला तोललंच नाही, आईला तोललं! बाया खूश, डॉक्टरबाई खूश. एवढंच काय, बाळाला गुंडाळलेल्या फडक्याचंही वजन, तसंच एक फडकं वेगळं तोलून, ती काटेकोरपणे वजा करायची. दोन वर्षं दर बाजाराला हा उद्योग चालला. शाळा सुटली की मी आकडे उतरवायला बसायची.

हिशोब लागला तेव्हा तीच चकित झाली. आया अर्धपोटी राहतात, मैलोगणती चालतात, आणि बाळं मात्र वजनाला चांगली! मग तिनं त्यावर एक विचार मांडला. पहाड चढण्या-उतरण्यामुळे आईचं शरीर असं काही घडतं, की कमी खाऊनही बाळ पोसलं जातं. नंदुरबारला एका वकिलाच्या कारकुनाकडून आम्ही लेख टाइप करून घेतला. त्या गृहस्थाला दावे-फिर्यादी टाइप करायची सवय. आईला त्यानं दोन ठिकाणी 'वादी' करून टाकलं होतं, ते पान पुन्हा करावं लागलं. लेख गेला. पुढे संपादकांचं उत्तर आलं, लेख स्वीकारला, विचार नवा आहे, लवकरच छापतो. कुमुदनं मला धरून ओसरीत गरागरा फिरवलं. तिकडे अण्णांनी अख्ख्या आळीला पेढे वाटले म्हणे.

आणि मग झेली आली. झेली वरच्या पाड्यावरची, पहिलटकरीण, सोबत सासू. त्या काळात सरकारकडून दुधाची भुकटी यायची आणि ज्यांचं वजन कमी, त्या बाळांच्या आयांना आधी मिळायची. काटा म्हणाला, झेलीचं बाळ ठीक आहे. कुमुदनं बाळाचा चेहरा बघितला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. म्हणाली, "सुलू, काटा एक सांगतोय आणि हे तोंड दुसरंच सांगतंय. फडकं सोड बघू." सासू नको नको म्हणत होती, तेवढ्यात मी बाळ हातात घेतलं, गाठ सैल केली... आणि आतून बिनमुठीचा विळा सटकून थेट माझ्या पायाच्या अंगठ्यावर! मी अशी बोंब मारली की बाजारातली माणसं गोळा झाली. सासू माझ्यावरच खेकसली. लोखंड बाळापासून सुटलं होतं ना! तिनं विळा उचलला, कपाळाला लावला, बाळाच्या पायाशी परत खोचला, आणि मग माझ्या अंगठ्याकडे बघितलं.

कुमुदनं तर बघितलंही नाही. ती त्या फडक्याकडे टक लावून उभी. मग हळूच म्हणाली, "तुमच्याकडे बाळाजवळ लोखंड ठेवतात?"

"ठेवतात की," मी कळवळत म्हणाले. "ओली बाळंतीण घराबाहेर पडली की लोखंड लागतंच. तुमच्या पुण्यात नाही ठेवत?"

"ठेवतात. माझ्या भाच्याच्या उशाशी आईनं अडकित्ता ठेवला होता." आणि तिनं आकड्यांची वही मिटून टाकली.

आता सांगा, यात गुपित ते काय होतं? मला माहीत, तिला माहीत, बायजाबाईला माहीत. बायजाबाई तर म्हणाली, "लोखंड पोऱ्यानं शे, मायनं नई. जठे पोऱ्या तठे लोखंड." म्हणजे बाळ सासूकडे गेलं की फडक्यातलं लोखंडही सासूकडे जायचं, आई रिकामी उभी राहायची, आणि आम्ही लोखंडासकट बाळ तोलून मोकळ्या! काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! बरं, सगळ्यांचं लोखंड सारखं असतं तर फडक्यासारखं तेही वजा केलं असतं. पण कुणाचा विळा, कुणाचं बाणाचं पातं, कुणी नांगराच्या फाळाचा तुकडाच खोचलेला. आणि आधी तोललेली बाळं तर केव्हाच रांगायला लागली होती. झेलीला भुकटी दिली, जास्तीची दिली. तिचं बाळ सावरलं, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागायचा.

तो लेख मात्र छापखान्याच्या वाटेवर होता. मी स्पष्टच म्हटलं, "छापू दे ग! अण्णांना दाखव. मग पुढच्या अंकात दुरुस्ती दे. कोण येतंय इथे लोखंड बघायला?" आजही मला त्यात फारसं वावगं वाटत नाही. म्हाताऱ्या माणसाचा जीव त्या एका पानात अडकलेला. कुमुद रागावली नाही. म्हणाली, "आणि तो वाचून कुणी ठरवलं की पहाडातल्या बाळांना दुधाची गरजच नाही, तर? पोती यायची थांबली तर झेलीला मी काय देऊ, माझा लेख?" दुसऱ्या दिवशी अक्कलकुव्याला जाऊन तिनं तार केली, लेख छापू नका. पोस्टातून बाहेर आली तेव्हा पांढरीफटक पडली होती. "आता अण्णांना कुठल्या तोंडानं सांगू?" म्हणाली आणि रस्त्यातच रडायला लागली. मी तिला आडोशाला नेलं, माझ्या पदरानं डोळे पुसले. अशी रडलेली मी तिला पुन्हा कधी पाहिली नाही.

पत्रानं कळवून टाकायचं म्हणजे पळवाट, समोर बसूनच सांगायचं, असं तिनं ठरवलं. सोबत मला ओढलं. नंदुरबारहून गाडी, जळगावला बदल, मनमाडला बदल, असं करत पुण्याला पोचलो. अण्णा उशांना टेकून बसले होते. आम्हाला बघताच विचारलं, "अंक आणलास?"

"अंक येणार नाही, अण्णा." आणि तिनं सगळं सांगितलं, काटा, फडकं, विळा, माझा अंगठा, काही म्हणता काही लपवलं नाही.

अण्णांनी डोळे मिटले. मला वाटलं, संपलं आता. पण त्यांचे खांदे हलायला लागले. "लोखंडासकट?" ते म्हणाले आणि हसायला लागले, इतके की दम लागून खोकला आवरेना. पाणी पाजलं, पाठ चोळली. मग म्हणाले, "वजाबाकी बरोबर होती ना?"

"वजाबाकी बरोबर होती."

"मग मांडणी चुकली. मांडणी पुन्हा करता येते." आम्ही निघताना मात्र त्यांनी तिचा हात धरून ठेवला. "जरा लवकर कर हं, कुमे," एवढंच म्हणाले. बाप होता तो, त्याला ठाऊक होतं की लवकर होण्यासारखं ते काम नाही.

परत आल्यावर कुमुद दुप्पट जोमानं लागली. नवी बाळं, नवा हिशोब. पण लोखंड बाजूला ठेवायला बाया तयार होईनात. सांगून, समजावून आम्ही थकलो. एका बाजाराला कुमुद वैतागून त्या काट्यावर स्वतःच चढली, पाय आपटला आणि तिच्या त्या मोडक्यातोडक्या अहिराणीत ओरडली, "अवं माय, हाऊ काटाच लोखंडना शे! एवढं मोठं लोखंड पायखाले, आखो कितलं जोयजे?" म्हणजे, पायाखाली एवढं लोखंड असताना आणखी किती हवं? बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एक म्हातारी फिस्सकन हसली, तिनं काट्याच्या दांडीला हात लावून बघितला आणि सुनेच्या फडक्यातलं पातं काढून काट्याच्या पायाशी ठेवलं. त्यानंतर दर बाजाराला काट्याभोवती विळ्या-पात्यांची रांग लागायची. परत घेताना अदलाबदल झाली की भांडणं व्हायची, ती मी सोडवायची.

या खेपेला आकडे खरे आले आणि खरे म्हणजे वाईट आले. बाळं हलकी होती, फार हलकी. कुमुदनं पुन्हा लेख लिहिला, पुन्हा आम्ही वकिलाच्या कारकुनाकडे गेलो. तो छापूनही आला, मासिकाच्या अगदी मागच्या पानांत, बारीक टाइपात. पण तोवर अण्णा गेले होते. अंक आला त्या दुपारी कुमुदनं आपलं पान शोधून काढलं. मग मला म्हणाली, "तू बस समोर. तुला वाचून दाखवते." मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मी बसले. तिनं शीर्षकापासून शेवटच्या आकड्यापर्यंत मोठ्यानं वाचला... कुणाला वाचून दाखवत होती, ते मला कळत होतं.

तिथून तिला ती सवयच लागली. पुढे कितीतरी लेख लिहिले, अहवाल लिहिले, आणि मला मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय एकही टपालात पडला नाही. बदली झाल्यावर त्यासाठी विसरवाडीहून एसटीनं यायची. माझं काम एकच, तिनंच नेमून दिलेलं. मध्येच थांबवून विचारायचं, "हे तू डोळ्यांनी पाहिलंस का?" पाहिलं असेल तर ती पुढे जायची. नसेल तर पेन काढून ते वाक्य खोडायची, मग ते कितीही सुंदर असो. मला कधीकधी हळहळ वाटायची. म्हणायची मी, "राहू दे ग, बरं वाटतंय ऐकायला." ती खोडायचीच.

हा लेखही टपालात टाकण्याआधी काल मी मोठ्यानं वाचला. घरात कुणी नव्हतं. वाचताना अडखळले, हसले, आणि शेवटाशी आले. 'कुमुद झोपेत, अगदी शांतपणे गेली; तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं,' असं मी लिहिलं होतं. भाच्यानं तसं सांगितलं होतं, आणि मला ते फार हवं होतं. इथे मी थांबले. विचारायचं काम माझंच, म्हणून मीच मोठ्यानं विचारलं, "सुलू, हे तू डोळ्यांनी पाहिलंस का?"

नाही ग कुमुद. मी पोचलेच नव्हते.

ते वाक्य मी खोडलं आहे.