मामा चिपळूणपर्यंत आला होता

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न जुलैतल्या एका मंगळवारी सकाळी, रत्नागिरीच्या दक्षिणेकडच्या एका खडकाळ किनाऱ्यावर व्हायचं होतं. ते झालं नाही.

बेत भोपाळमध्ये ठरला, अयोध्या नगरातल्या मुलाच्या भाड्याच्या खोलीत. मुलगा ग्वाल्हेरचा, मराठीच, जात वेगळी. आमचे वडील सचिवालयातून निवृत्त झालेले. त्यांनी त्याला एकदाच घरी बोलावलं, आडनाव विचारलं आणि चहा यायच्या आत उठून दार उघडून दिलं. भोपाळच्या देवळात लग्न लावणं शक्य नव्हतं. नागपूरहून सरकारी नोकरीसाठी इथे आलेली आमची माणसं गणेशमंडळापासून पेन्शनच्या रांगेपर्यंत एकमेकांना ओळखतात. मुलाने मोबाइलवर किनारा शोधला. पावसाळ्यात तिथे कुणी फिरकत नाही. काळे खडक, आणि ओहोटीला त्यांच्यामध्ये उघडी पडणारी एक सपाट जागा. शिवाय चातुर्मास होता. आमच्यात त्या दिवसांत लग्नं होत नाहीत, त्यामुळे कुणाला संशयही येणार नव्हता. तिकडच्या एका गुरुजींनी बरेच आढेवेढे घेऊन फोनवर होकार दिला, पण भरती यायच्या आत उरकायचं असं बजावलं. खडकावर मंगलाष्टकं आणि माळा, होम वरच्या देवळाच्या ओसरीत. अंतरपाट धरायला मी आणि तिकडचाच एक फोटोग्राफर. वडिलांना सांगायचं कारणही माझंच होतं. मी वर्तमानपत्रात काम करते. पुण्याला ट्रेनिंग आहे, बहीण सोबतीला येतेय.

सगळं ठरल्यावर बहीण म्हणाली, "माझ्या मागे मामा हवा."

मुलगा हसला. "पळून जाताना कुणी पाहुणे बोलावतं का?"

"मामा पाहुणा नाहीये."

आई गेली तेव्हा बहीण तिसरीत होती. तेराव्याला मामाने तिला मांडीवर घेतलं आणि सांगितलं, तुझ्या लग्नात मी मागे उभा असेन, बघ. तो भोपाळमध्येच, नेहरू नगरात, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतो. आम्ही दोघी त्याच्याकडे गेलो.

"पळून जायचं आणि तेही मामाला घेऊन?" तो म्हणाला. "आधी माझे गुडघे तर बघा." मग त्याने किनाऱ्याचं नाव विचारलं, वार विचारला, वेळ विचारली. "तुम्ही पुढे व्हा. मी दुसऱ्या दिवशीच्या गाडीने येतो. एकत्र दिसायला नको." आम्हाला ते पटलं.

मंगळवारी समुद्राकडून तिरपा पाऊस येत होता. गुरुजींनी खडकावर दोन पाट मांडले आणि त्यांवर प्लास्टिक पसरलं. बहिणीची पिवळी साडी गुडघ्यापर्यंत ओली झाली होती. मामाचा फोन आला.

"चिपळूण सोडलं, बेटा. पुढे दरड आलीय म्हणतात, गाडी रेंगाळतेय. माझ्याशिवाय सुरू करायचं नाही हं. शपथ घे."

"तुझी शपथ, मामा."

थोड्या वेळाने पुन्हा फोन. गाडी उभीच होती. "पाऊस कसाय तिकडे? आडोसा आहे का काही?"

"नाही रे."

"मग भिजा थोडं."

पाणी चढू लागलं होतं. तिसऱ्या वेळी बहिणीने स्पीकर लावला, कारण पावसात तिला ऐकू येत नव्हतं. मामा सांगत होता की गाडी आता हललीय, खिडकीतून नदी दिसतेय. त्याच्या आवाजामागे एक हिंदी गाणं वाजत होतं. ते जवळ आलं तसे शब्द कळले. त्यात भोपाळचं नाव होतं. ते गाणं आमच्या गल्लीत रोज सकाळी वाजतं.

मी म्हटलं, "मामा, कचरागाडी आली वाटतं."

मग वडिलांचा आवाज आला. तिकडेही फोन स्पीकरवर होता.

"आली. ओला कचरा वेगळा काढावा लागतो."

मागे कुणीतरी हसलं. मामी असावी, खात्री करता आली नाही. फोन बंद झाला.

गुरुजी म्हणाले, "मामा नसले तरी चालतं. ताई उभ्या राहतील मागे. चला, पाणी येतंय."

मुलाने माळ हातात घेतली. बहीण जागची हलली नाही.

"तो येतो म्हणाला होता."

"तो नेहरू नगरात चहा पितोय," मुलगा म्हणाला. "तू पाटावर उभी राहा."

"मी शपथ घेतलीय."

"कुणाची? त्याची?" मुलगा म्हणाला. "तुला नवरा नकोय. तुला परवानगी हवीय."

एका लाटेने एक पाट नेला. गुरुजींनी दुसरा काखेत मारला आणि ते पायवाटेने वर गेले. मुलाने माळ खडकावर ठेवली आणि फोटोग्राफरच्या जीपमध्ये जाऊन बसला. जीप गेली. आम्ही दोघी गावातून रिक्षा मिळेपर्यंत चालत राहिलो.

आम्ही भोपाळला पोचलो त्या संध्याकाळी मामा घरी आला. त्याने बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला. "काय मग, दिसला का समुद्र?"

वडील टीव्ही पाहत होते. त्यांनी आवाज कमी केला.

"दिसला," ती म्हणाली.

वडिलांनी आवाज वाढवला.

मुलाने तिचा नंबर ब्लॉक केला होता. माझा फोन त्याने एकदा उचलला आणि सांगितलं, की पुन्हा करू नका. दिवाळीनंतर नागपूरचं एक स्थळ आलं. मुलगा सरकारी इंजिनिअर. सुपारी फुटायच्या आधी वडिलांनी सगळ्यांसमोर बहिणीला विचारलं, "तुला काही म्हणायचंय?"

"मामा मागे उभा राहील ना?" ती म्हणाली.

"म्हणजे काय!" मामा म्हणाला. "माझ्याशिवाय सुरू करायचं नाही."

खोलीतले सगळे हसले. नागपूरचे पाहुणेही हसले.

लग्न मार्गशीर्षात भोपाळच्याच एका हॉलमध्ये झालं. मंगलाष्टकं वेळेवर सुरू झाली. मामा फेटा बांधून तिच्या मागे उभा होता.